नाईटवाल्याला उठवणारी वहिनी

वहिनी गेल्याचं पुतण्याने फोनवर सांगितलं तेव्हा मी भाजी निवडत बसलो होतो. आजारपण लांबलेलं होतं, त्यामुळे धक्का बसायला नको होता... बसला. महिना होऊन गेला आता. भेटेल तो त्यांच्या मायाळूपणाबद्दल बोलतो. मायाळू होत्याच, पण मला आठवते ती त्यांची दांडगाई. सत्तरच्या दशकातल्या एका दुपारी त्यांनी अख्ख्या चाळीशी वैर घेतलं होतं, तेही एका झोपलेल्या माणसाला उठवण्यासाठी.

आम्ही गणेशपुरीकडचे शेतकरी. माझा थोरला भाऊ, दादा, भिवंडीत पॉवरलूमवर कामाला होता आणि मी नोकरी शोधत त्याच्या कामतघरच्या खोलीत येऊन राहिलो होतो. चाळीतली निम्मी माणसं नाईटची. दिवसा त्यांची झोप मोडायची नाही, हा तिथला धर्मच. पोरं दबकून खेळायची, बायका भांडणंसुद्धा हळू आवाजात उरकायच्या. त्यातून दादा म्हणजे झोपेतून उठवला की जमदग्नी. शिवी न देता तो कधी जागा झाल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवशी नाईट सुटता सुटता शेजारच्या मागावरचा धोटा उडाला. धोटा म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडे धावणारं, टोकांना लोखंड बसवलेलं लाकूड. तो दादाच्या कानाच्या वर लागला. उडालेला धोटा अडवायला मागावर सळई असते, पण कामात आड येते म्हणून ती काढून ठेवलेली. (पुढे ती परत बसल्याखेरीज वहिनींनी दादाला कामावर पाऊल टाकू दिलं नाही.) रक्त बेताचंच आलं, टेंगूळ मात्र लिंबाएवढं. सोबत्याने त्याला डॉक्टरांकडून घरी आणलं आणि डॉक्टरांचा निरोप दिला. मार वरवरचा दिसतोय, झोपू द्या, पण मधूनमधून उठवून बोलतं करा. उलट्या झाल्या, बरळायला लागला किंवा उठेनासा झाला, तर थेट ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात न्या.

दादा आडवा झाला. थोड्या वेळाने वहिनींनी त्याला गदागदा हलवलं. "अवं, उठा. आपल्या बैलाचं नाव काय?"

"तुझा बाप!" दादा ओरडला आणि कुशीवर वळला. वहिनींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. पुन्हा उठवलं, पुन्हा शिवी मिळाली. एव्हाना दारात बायका जमल्या होत्या. शेजारची काशीमावशी तर तणतणतच आली. "नाईटवाल्याला उठवतेस? झोपंनं काय मरतंय का कुनी?"

"तुमी बोला हवं तेवडं," वहिनी म्हणाल्या, "मी उठवनार हाय."

ऊन कलायला लागलं तेव्हा त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली. दादाने डोळे किलकिले केले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "हां गं... उठतो हां." आणि पडूनच राहिला. मावशी म्हणाली, "बघ, कसा शहान्यावानी बोलला." मलाही हायसं वाटलं. वहिनींचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"ह्ये बरं न्हाय," त्या म्हणाल्या. "भावजी, गाडी बगा. शुद्धीत असते तर आई-बाप काडला असता माजा."

मला ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं, पण तेवढ्यात दादाला उलटी झाली. मी धावत जाऊन कापडाच्या गाठी नेणारा एक टेम्पो थांबवला. ठाण्याला पोचेपर्यंत वहिनी त्याचं डोकं मांडीवर धरून त्याला हाका मारत होत्या, आणि तो प्रत्येक हाकेला "हां" म्हणत होता, दर वेळी आणखी हळू. इतकी भीती मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला हिसका बसलाय, लक्ष ठेवावं लागेल, आत्ताच काही सांगता येत नाही. वहिनी खाटेशेजारी जमिनीवर बसल्या. पाणीसुद्धा घेईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई तपासायला आल्या. त्यांनी दादाचा खांदा हलवला, गालावर थोपटलं. काहीच नाही. वहिनी उठल्या आणि त्याच्या कानाशी वाकल्या. "अवं... उठा की."

दादाचे डोळे मिटलेलेच होते. कपाळावर एक आठी उमटली. "गप गं भवाने!" तो खेकसला. "नाईट करून आलोय मी!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. वहिनींनी खाटेची दांडी घट्ट धरली आणि आदल्या दिवसापासून आवरलेलं रडू मोकळं सोडलं. "आलं," त्या मला म्हणाल्या, "माजं मानूस आलं."