पथ्याचा भात

“खोडाळ्याचा बाजार पण इतका नाय भरत, जितका या मोरीत मुंग्यांचा भरलाय.”

आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई आपल्या वहिनीला हे सांगत होती. वहिनी साखरशेतहून लाकडाची मोळी घेऊन जव्हारला आली होती आणि मागच्या दारी टेकली होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसून तांदूळ निवडत होते.

“भाऊसाहेब गोड खातो, तर मोरी गोडच होणार ना!” वहिनी हसली.

“हस नको. कालपासून त्याच्या पायाच्या चिंधीला पण मुंग्या लागल्या. मीच धुते ना ती. आणि हळू बोल, ती इंग्रजी पोरगी आत हाय. बोलत काय नाय, पण ऐकते सगळं.”

माझा हात सुपात तसाच राहिला. भाऊसाहेब म्हणजे माझे वडील, अण्णा. आणि सुपातला तांदूळ त्यांच्याच पथ्याचा होता.

अण्णा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. मोडी त्यांच्यासारखी सुबक कुणाची नाही असं सगळे म्हणत, पण इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. आई गेल्यावर त्यांनी मला नाशिकला मडमांच्या शाळेत ठेवलं. सतराव्या वर्षी मी परत आले, तेव्हा घर आत्याच्या हातात होतं. आत्या अण्णांची थोरली बहीण. लहानपणी विधवा झालेली, स्वतः एकवेळ जेवणारी. “इंग्रजी येतं हे कुणाला सांगत सुटू नकोस,” तिने पहिल्याच आठवड्यात बजावलं, “स्थळं येतात ती परत जातील.” मला ते जड गेलं नाही. गप्प राहायची सवय मला शाळेतच लागली होती. तिथे माझं मराठी हसण्यासारखं होतं, इथे माझं इंग्रजी लपवण्यासारखं.

अण्णांची तहान वाढली होती. रात्री चार-पाच वेळा उठत. डाव्या पायाच्या अंगठ्याला वहाण चावली, ती जखम दोन महिने झाले तरी मिटेना. तेवढ्यात राजवाड्यात कुणाला तरी तपासायला गोरे डॉक्टर आले होते. कचेरीतल्या वरिष्ठांच्या शब्दावरून त्यांनी अण्णांनाही पाहिलं, लघवी तपासली, पाय पाहिला आणि कागद लिहून दिला. त्यांच्या कंपाउंडरने एवढंच सांगितलं, “सगळं यात आहे, घरी वाचून घ्या.”

अण्णा तो कागद घेऊन ओसरीवर आले आणि त्यांनी पहिल्यांदाच मला सगळ्यांदेखत हाक मारली. शेजारचे दोघे बसले होते. आत्या दाराशी उभी होती. मी कागद उलगडला. भात, साखर, गूळ, साबुदाणा, बटाटा, रताळं बंद. पालेभाजी, ताक, नागलीची एखादी भाकरी चालेल. जेवण दिवस मावळायच्या आत. दुपारी अजिबात झोपू नये, संध्याकाळी चालावं, म्हणजे रात्री सलग झोप लागेल. रात्रीची झोप मोडत राहिली तर साखर आटोक्यात येणं कठीण. खाली आणखी एक ओळ होती.

“काय म्हणतो तुझा डॉक्टर?” अण्णांनी हसत विचारलं.

ते माझ्याकडे पाहत होते, शेजारी पाहत होते. माझ्या तोंडातून एवढंच निघालं. “पथ्य करायला सांगितलंय.”

“एवढंच ना!” आत्या म्हणाली. “पथ्य शिकवायला विलायतेहून माणूस कशाला हवा? आमचा जन्म गेला त्यात.”

शाळेत मला भाषांतराचं बक्षीस मिळालं होतं.

आमच्या घरात पथ्य म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. ताप येवो, पोट बिघडो, बाळंतीण असो, पथ्य म्हणजे मऊ भात, वर तूप आणि मेतकूट. अण्णांनी पायासाठी रजा घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना दोन्ही वेळ तोच मिळू लागला. तिसऱ्या प्रहरी साबुदाण्याची खीर. शक्ती यावी म्हणून सकाळी पेजेत गुळाचा खडा. आणि जेवण झालं की माजघरातली खिडकी लावून आत्या त्यांना निजवायची. “आजाऱ्याला झोप म्हणजे निम्मं औषध,” असं म्हणून ती दाराशी बसून राहायची, कुणाला मोठ्याने बोलू द्यायची नाही. अण्णा चार वाजेपर्यंत झोपत आणि रात्रभर जागे राहत. सकाळी त्यांचे डोळे लाल असत. आत्या म्हणे, “रात्री डोळ्याला डोळा नाही बिचाऱ्याच्या, दुपारी तरी झोपू दे.”

कागदात जे जे बंद होतं, ते सगळं ती अगदी मनापासून करत होती. मी पाहत होते.

एकदा धीर करून म्हणाले, “आत्या, कागदात नागलीचंही नाव आहे.”

“नागली? भांडीवाली खाते ती?” तिच्या हातातली पळी थांबली. “माझ्या भावाला नागली वाढू? लोक म्हणतील, यांच्याकडचे तांदूळ संपले. नीट वाचलंस ना तू?”

मी उत्तर द्यायच्या आत अण्णाच म्हणाले, “अक्का, तिने वाचलंय ते बरोबरच असणार. रजा मागायला गेलो तेव्हा कचेरीत सगळ्यांना सांगितलंय मी, आमच्या मुलीने साहेबाचा कागद घडाघडा वाचला.”

आता खरं सांगायचं म्हणजे अण्णांना कचेरीत खोटं पाडायचं, आत्याच्या हातच्या अन्नाला विष म्हणायचं. मी कागद माझ्या शाळेच्या पुस्तकात ठेवला आणि पुस्तक ट्रंकेच्या तळाशी. दिवसभर मी घराच्या तीन खोल्यांत असे, आणि कुठल्याही खोलीत बसले तरी ट्रंक दिसे. आणखी पाच-सहा दिवस पाहू, असं म्हणता म्हणता महिना झाला.

त्या दिवशी मोळीवाली वहिनी गेल्यावर मी मागच्या दारी गेले. भांडीवाली राखेने पातेलं घासत होती. मी स्वतःहून तिच्याशी कधी बोलले नव्हते. ती उभीच राहिली.

“चिंधीला मुंग्या लागल्यात, ते खरं?”

तिने जीभ चावली. “ऐकलंत का ताई? खरं हाय. बोट पण काळं दिसतं. बाईसाहेबाला मी सांगितलं, तर मलाच म्हणाली, सावली पडली असल.”

मी विचारलं, “तुमच्या पाड्यावर हा आजार आहे कुणाला?”

“हा नाय. हा जास्तीवाला आजार, आमच्या दारी कशाला येल?” ती पुन्हा पातेल्यापाशी बसली. “आमच्याकडं कमीवाले हायत. पावसाळ्याचे शेवटाला नागली संपते, मग कंद उकडून खायचे. पोरांचे पाय काड्यांसारखे होतात. तुमच्या अण्णाला कमी खायला मिळालं, तर तो बरा होल. आम्हाला जास्ती मिळालं, तर आम्ही.”

ती हे गमतीने म्हणाली की नाही ते मला कळलं नाही. मी ट्रंक उघडली. कागदातली शेवटची ओळ पुन्हा वाचली, जणू महिन्याभरात ती बदलली असेल.

अण्णा जेवायला बसले होते. डावा पाय पाटाबाहेर, घडी घातलेल्या धोतरावर ठेवलेला. चेहरा सुकलेला, पण आत्याला बरं वाटावं म्हणून ते म्हणत होते, “वास छान सुटलाय, अक्का.” आत्या सोवळ्यात होती. सोवळ्यात असताना तिला किंवा तिच्या भांड्याला आमच्यापैकी कुणी शिवायचं नाही, शिवलं की ते अन्न गेलं. एवढा एक नियम मी नाशिकहून आल्यापासून कधी मोडला नव्हता. मी नेहमीच्या जागी, उंबऱ्याशी उभी होते. आत्याने पातेलं आणलं. वाफ निघत होती, मधे तुपाचं तळं. तिने पळी भरली.

मी उंबरा ओलांडला आणि दोन्ही हातांनी पातेलं धरलं. हाताला चटका बसला, तरी सोडलं नाही.

“अगं, शिवलीस!” आत्या किंचाळली. “सगळा भात गेला! डोकं फिरलं का तुझं? आता काय वाढू मी याला?”

अण्णा माझ्याकडे पाहत होते, ओसरीवर पाहिलं होतं तसंच.

“गेला तर जाऊ दे, आत्या,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला. “कागदात भात बंद लिहिलाय. गूळ, साबुदाणा, दुपारची झोप, सगळं बंद. पथ्य हा शब्द त्यात कुठेच नाही, तो माझा होता. अण्णा, मी तुम्हाला कागद पुरता वाचून दाखवला नाही. शेवटी लिहिलंय की एवढं पाळूनही जखम सुकली नाही, तर अंगठा कापावा लागेल. आणि आपण तर काहीच पाळलं नाही.”