अर्जातली आमा

मुलगी अकरावीच्या वयाची झाली आणि एका संध्याकाळी जेवता जेवता म्हणाली, "मला डॉक्टर व्हायचंय. पण अमेरिकेत. तिथे एकत्र कोर्स असतो. पदवी आणि मेडिकल, दोन्ही एकाच अर्जात. आठ वर्षं."

नवऱ्याने पोळीचा घास हातातच ठेवला. "आठ? इंजिनिअरिंग चारच वर्षांचं असतं गं."

ती जन्मली तेव्हा आम्ही त्याच्या कंपनीच्या प्रोजेक्टवर न्यू जर्सीत होतो, त्यामुळे तिच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट होता. तो पासपोर्ट इतकी वर्षं आमच्या कपाटात नुसताच पडून होता. आता अचानक त्याचा उपयोग निघाला. २०१४ च्या आसपासची ही गोष्ट. आम्ही सिंगापुरात होतो. नवरा तेव्हा वन-नॉर्थला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, मी पाया लेबारच्या एका ऑफिसात, आणि राहायला आम्ही बुकित पंजांगला, अकराव्या मजल्यावर.

मी कामाला लागले. मला मुळात याद्या करायला आवडतात. आठ कॉलेजं निवडली, प्रत्येकाच्या तारखा, प्रत्येकाला हवे असलेले निबंध, सगळं एका एक्सेल शीटमध्ये. निबंधाचा प्रश्न मात्र सगळीकडे थोड्याफार फरकाने एकच होता: तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय?

"आजोबांच्या हार्ट अटॅकवर लिही," मी म्हणाले. माझ्या वडिलांना एकदा आयसीयूत ठेवलं होतं. "तू त्यांचा हात धरून बसली होतीस, आणि त्या क्षणी ठरवलंस..."

"आई, मी आठ वर्षांची होते. मी खाली कँटीनमध्ये इडली खात होते."

"भावना तर खरी होती ना?"

"भूक खरी होती."

तरीही मी एक मसुदा लिहून दिला. त्यात अंधुक दिवा होता, मॉनिटरची टिकटिक होती. तिने वाचला आणि शांतपणे, तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "कॅनॉट लाह, आई. दिस इज नॉट मी."

तिच्याकडे खरं सांगण्यासारखं जे होतं ते मला फार किरकोळ वाटत होतं. आमच्या ब्लॉकपासून चार मिनिटांवर वृद्धांसाठी एक डे-केअर सेंटर होतं. दर शनिवारी सकाळी ती तिथे मदतीला जायची. पाणी देणं, खुर्च्या लावणं, आणि एका आजीकडून गुडघ्याचे व्यायाम करून घेणं. त्या आजी ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. सगळे त्यांना आमा म्हणायचे, म्हणजे होक्किएन या चिनी बोलीत आजीच. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बोलायच्या फक्त होक्किएन, आणि मोडकंतोडकं इंग्रजी. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगून ठेवलं होतं की खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, दहा वेळा, आणि असं तीनदा. माझ्या मुलीने मोजायचं आणि वहीत लिहायचं.

आमा इंग्रजी आकड्यांवर पाय हलवायच्या नाहीत. म्हणून मुलीने त्यांच्याकडूनच होक्किएन आकडे शिकून घेतले. घरी येऊन ती आंघोळ करताना म्हणायची: चित, नंग, सा, गो, लाक, काऊ, चाप. मला कौतुक वाटायचं. दोन महिन्यांत एक नवी भाषा! मी ते एक्सेल शीटमध्ये 'भाषा' या रकान्यात टाकूनही दिलं.

मग एका शनिवारी मी तिला सोडायला निघाले होते. सेंटरमधल्या लोकांसाठी काहीतरी न्यावं म्हणून आम्ही जवळच्या हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या बाजारात, पाव घ्यायला थांबलो. लाल बीन्सचं गोड सारण भरलेले, वाफवलेले, पांढरेशुभ्र. मुलीने दुकानदार काकांना ऐटीत सांगितलं की दहा हवेत, आणि बोटाने एकेक दाखवत होक्किएनमध्ये मोजू लागली. काका चिमट्याने एकेक पाव पिशवीत टाकत होते. ती "चाप!" म्हणाली, म्हणजे दहा, आणि थांबली.

काकांनी पिशवीत पाहिलं, मग तिच्याकडे.

"हे सात आहेत," ते म्हणाले. "तुला मोजायला कोणी शिकवलं?"

"एका आमांनी."

काका इतके हसले की त्यांना चिमटा खाली ठेवावा लागला. शेजारच्या स्टॉलवरची बाईही येऊन ऐकून गेली. चार नाही, सात नाही, आठ नाही. तीन आकडे गाळून आमांनी तिला दहा शिकवले होते. दोन महिने, दर शनिवारी, तीनदा, दहाच्या जागी सात.

मीही हसत होते. मुलीकडे पाहिलं तर तिचा चेहरा उतरला होता.

"आई, वहीत मी दहा लिहिलंय. प्रत्येक वेळी. फिजिओ बाई म्हणतात गुडघा हवा तसा सुधारत नाहीये, आणि त्यांना कळत नाहीये का."

मला लगेच दुसरंच आठवलं. सेंटरच्या प्रमुख बाई तिच्यासाठी शिफारसपत्र लिहिणार होत्या, पुढच्याच आठवड्यात. "आजपासून नीट मोज की," मी म्हणाले. "मागचं कशाला उकरायचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. पावाची पिशवी माझ्या हातात दिली आणि सरळ सेंटरकडे चालू लागली. मी मागोमाग. त्या दोन-चार मिनिटांत मला जितकी लाज वाटली, तितकी त्याआधी क्वचितच वाटली असेल.

फिजिओ बाई तिथेच होत्या. मुलीने सगळं सांगितलं. बाईंनी वही उघडली, बंद केली, आणि दोघी आमांच्या खुर्चीपाशी गेल्या. आमांना चोरी पकडल्याचं कळलं, पण त्या जरासुद्धा डगमगल्या नाहीत.

"चार वाईट," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "चार म्हणजे मरण, उच्चार सारखाच. म्हातारी माणसं चार म्हणत नाहीत."

"आणि सात, आठ?" मुलीने विचारलं.

"सात, आठ विसरले. वय झालं."

पण फिजिओ बाई हसल्या नाहीत. त्या खाली बसल्या, आमांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि होक्किएनमध्ये काहीतरी विचारलं. आमा हळूहळू बोलू लागल्या. बाईंनी आम्हाला नंतर सांगितलं. सातव्या वेळेनंतर गुडघ्याच्या आतल्या बाजूला जोराची कळ यायची. बोललं तर परत हॉस्पिटलमध्ये नेतील, म्हणून आमा कुणालाच सांगत नव्हत्या. नाही म्हणायचं कसं, तर त्यांनी आकडेच कमी केले.

"दुखतंय का, हे मी एकदाही विचारलं नाही," मुलगी घरी येताना म्हणाली. "फक्त मोजत बसले."

आमांचा व्यायाम बदलला. पाच वेळा, मध्ये विश्रांती, गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल. तीन-चार आठवड्यांत त्या काठी घेऊन दारापर्यंत जाऊ लागल्या, आणि वाटेत भेटेल त्याला माझ्या मुलीला कसं फसवलं ते सांगू लागल्या.

निबंध तिने यावरच लिहिला. मी घाबरले होते. "अगं, आपली चूक आपणच लिहून पाठवायची? हसतील ते."

"हसू देत. तिथलं कुणीतरी हसून पुढे वाचेल."

आठपैकी पाच नकार आले. दोन कॉलेजांनी लिहिलं की पदवीसाठी ये, मेडिकलचं नंतर बघू. एकाने व्हिडिओवर मुलाखत घ्यायचं ठरवलं, आमच्या सकाळी सात वाजता. त्या दिवशी घरात कुकर लावायचा नाही असा मी हुकूम काढला. नवऱ्याने कॉर्नफ्लेक्ससुद्धा बाल्कनीत उभं राहून खाल्ले, कुरकुर आवाज होतो म्हणून. बंद दाराला मी कान लावला होता. आतून आधी तिचा आवाज, आणि मग दोन-तीन अनोळखी माणसांचं मोठ्याने हसणं.

नवऱ्याने खुणेनेच विचारलं, चांगलं की वाईट? मी खांदे उडवले.

ती बाहेर आली तेव्हा गाल लाल झाले होते. "एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, आमांना आता काय सांगशील? मी म्हटलं, सांगणार नाही, आधी विचारेन. मग ते नुसतं लिहीत राहिले. आई, माझं इंग्रजी फार सिंगापुरी झालं का गं?"

मार्चमध्ये ईमेल आला. नवऱ्याने तो तीनदा वाचला. पहिल्यांदा मनात, दुसऱ्यांदा मोठ्याने, तिसऱ्यांदा पुण्याला त्याच्या आईला फोनवर मराठीत भाषांतर करून. कॉलेजचं गाव इतकं लहान होतं की नकाशात सापडायला आम्हाला वेळ लागला. आठ वर्षांची जागा होती, पदवी आणि मेडिकल दोन्ही.

आमांना सांगायला ती मलाही घेऊन गेली. आमा म्हणाल्या, "आठ वर्षं? मी नव्वदची होईन. तिथे काय एवढं शिकवतात?" मग तिचा हात हातात घेऊन त्यांनी तळव्यावर थोपटलं, आणि पिशवीतून एक संत्रं काढून दिलं. तिथल्या तिथे खायला लावलं, बिया कुठे टाकायच्या तेही सांगितलं.

ऑगस्टमध्ये ती गेली. पहिल्या सत्रात केमिस्ट्रीत जेमतेम पास झाली आणि फोनवर रडली. दुसऱ्या सत्रात बर्फात घसरून पडली आणि फोनवर हसली. मधली वर्षं अशीच गेली, कधी इकडे, कधी तिकडे. आता ती एका हॉस्पिटलात वयस्कर रुग्णांच्या विभागात आहे. दर रविवारी फोन येतो. बाबाला रोज चालायला सांगते. मी हेच दहा वर्षं सांगत होते तेव्हा त्याने ऐकलं नाही. तिने आधी त्याला विचारलं की चालायला का आवडत नाही, आणि तो अर्धा तास बोलत होता. दुसऱ्या दिवशी त्याने नवे बूट आणले.