ताईत काढून ठेवा

ईश्वराचा स्पर्श उबदार असतो. हे मी कुठे वाचलेले नाही. बारामतीच्या एका तपासणी केंद्रात, उताणा पडलेला असताना, स्वतः अनुभवले आहे.

पोटाच्या सोनोग्राफीत यकृतावर गाठ दिसली होती. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्यांची गाठ वाटते. बहुतेक साधी असेल, अशी गाठ घेऊन माणसं सुखानं म्हातारी होतात. पण रक्तवाहिन्यांचा कर्करोगही असतो, क्वचित. सीटी स्कॅन केला की कळेल. आयुष्यभर मी पुस्तके वाचत आलो, पण त्या दिवसापासून मला 'क्वचित' एवढा एकच शब्द दिसत होता.

भवानीनगरहून निघताना पत्नीने माझ्या गळ्यात चांदीचा ताईत बांधला, तिच्या माहेरच्या देवीचा. तिच्या समाधानासाठी घालतो आहे, असे मी स्वतःला सांगितले. ती देवघरात बसली, मी एसटीत.

स्कॅनच्या दाराशी तिथली मुलगी म्हणाली, "काका, गळ्यातलं काढून ठेवा. आत धातू चालत नाही." मी हात वर नेला आणि तो तिथेच राहिला. गावात कुठल्याशा महाराजांच्या पादुका वातानुकूलित गाडीतून येतात म्हणून हसणारा माणूस मी. मला एका दोऱ्याची गाठ सुटेना.

बाकावर बावड्याच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांचे यजमान शेजारच्या खोलीत तपासणीला गेले होते. त्यांनी हात पुढे केला.

"द्या हितं. मी धरते."

"देवीचा आहे," मी म्हणालो.

"मग? देवी काय दोरा बघून वळखती व्हय तुमास्नी? जावा निवांत. आमचं म्हातारं तर कवळी बी माझ्याच हातात देऊन गेलंय." त्यांनी दुसरी मूठ उघडून दाखवली.

मी मोकळ्या गळ्याने आत गेलो. यंत्र गुणगुणू लागले. सुईतून औषध सुटले तशी घशात एक ऊब उतरली, छातीतून पोटात, पोटातून मांड्यांपर्यंत, जणू कुणी आतून हात फिरवत होते. मग थांबायचे होते; औषध गाठीत कसे भरते ते पुन्हा पाहणार होते. मी डोळे मिटले. उसात पाटाचे पाणी शिरताना दिसले. आधी कडेच्या सऱ्या चमकल्या, मग त्यांच्या आतल्या. कुणालाच घाई नव्हती. मधोमध कोरडा राहिलेला तुकडा मी होतो, आणि पाणी माझ्याकडे येत होते. येऊ दे, म्हटले. काय मागायचे ते ठरवून गेलो होतो, ते मागायचे राहूनच गेले. भीती कुठे गेली ठाऊक नाही. आजींच्या मुठीत असावी.

दुपारी डॉक्टरांनी चित्रे दाखवली. "औषध कडेनं आत सावकाश भरत गेलंय. साधी गाठ अशीच भरते. हिला काही करायचं नाही. अधूनमधून बघत राहू."

पाण्याचे मी त्यांना सांगितले नाही.

आजींनी ताईत परत दिला तेव्हा तो कोमट होता. मी त्यांना वाकून नमस्कार केला. असा मी कुठल्या देवळातही केलेला नाही. काही करायचे नसते तेव्हा काही न करणे मला कधी जमले नव्हते. आता रोज सकाळी देवघरासमोर गप्प बसतो, तेवढेच करतो. पत्नी त्याला प्रगती म्हणते.

केंद्रातून निघताना मी स्कॅनच्या दाराशी असलेल्या त्या मुलीला उबेबद्दल विचारले होते.

"ते औषधानं होतं, काका. सगळ्यांनाच. पुष्कळांना तर लघवी झाल्यासारखं वाटतं."

मलाही वाटले होते. उठल्यावर मी आधी चादर पाहिली. कोरडी होती.