संगमरवरी खलबत्त्याला रक्त फुटलं!

आधी तोंडातला चहा गिळून घ्या, मग सांगते. हा किस्सा ऐकताना भल्याभल्यांना ठसका लागलाय.

आमच्या छाणीच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर प्रधानबाई राहायच्या. नव्यानेच निघालेल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्याकडे रसायनशास्त्राच्या शिक्षिकेची जागा निघाली होती आणि दुसऱ्या दिवशी माझी मुलाखत! एम.एस्सी. करून घरी बसलेल्या मुलीला ही नोकरी म्हणजे काय, ते वेगळं सांगायला हवं का? आणि नेमका घसा बसला. नुसत्या धास्तीनं हो!

आई पुण्याला गेलेली. फोनवर म्हणाली, "ओली हळद कुटून मधातून घे. एवढ्याशा हळदीला मिक्सर लावू नकोस, खलबत्ता आण. काळ्या दगडाचा, आतून खरबरीत. गुळगुळीत दगडात जिन्नस नुसता पळत सुटतो."

मी काय आणलं? मांडवीच्या बाजारातून पांढराशुभ्र, गुळगुळीत, संगमरवरी! काय गोड दिसत होता म्हणून सांगू! दुकानदार गुजरातीत म्हणाला, "बहु जूनो पथ्थर छे, बेन." मला त्याचंही कौतुक वाटलं.

भर दुपारी कुटायला बसले. लाइट गेलेले, पंखा थांबलेला, सोसायटीत चिटपाखरू नाही. बत्ता आपटला की दगडातून कुणीतरी आतल्या आत हुंकार देतंय असं वाटायचं. कशीबशी हळद घेतली. खलबत्ता पिवळाधम्मक झाला होता, म्हणून धुण्याच्या सोड्यात ब्रश बुडवून घासायला घेतला.

आणि दगडाला रक्त फुटलं.

खोटं नाही सांगत! ब्रश फिरेल तिथून लालभडक ओघळ. माझी बोटंसुद्धा लाल. कापलं की काय म्हणून पाहिलं, तर साधा ओरखडा नाही. मग हे रक्त कुणाचं? घाबरून आणखी सोडा टाकला. आणखी लाल! जुना दगड म्हणे! जुना म्हणजे कुठला? कुणाच्या थडग्याचा तर नव्हे?

मी किंचाळले. पण घसा बसलेला, आवाजच फुटेना! ते तर आणखीच भयंकर. धावत जाऊन समोरच्या कोकिळाबेनचं दार बडवलं.

"हाय हाय, दीकरी! आ तो लोही छे!" रक्त बघून त्या आमच्या उंबऱ्यातच थिजल्या. "लिंबू लाव! आधी लिंबू पिळ!"

लिंबू कापून त्यांनीच लांबून पिळलं. फस्स! दगड चक्क फुत्कारला. आणि डोळ्यांदेखत रक्त नाहीसं. पुन्हा पिवळा!

"गयुं!" कोकिळाबेननी हात जोडले. "अंदर जे हतुं ते गयुं!"

मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि हळदीचे हात साबणानं धुतले. तळवे लालभडक!

"अरे बापरे, हवे तारामां पेठुं!" ते माझ्यात शिरलं म्हणत कोकिळाबेन जिन्यापर्यंत मागे सरल्या.

बघता बघता जिन्यात बायका जमल्या. कुणी उदबत्ती लावली, कुणी नारळ आणायला पळालं. "हिचे डोळे बघा, कसे फिरलेत!" हे ऐकून माझे डोळे खरंच फिरायला लागले. तेवढ्यात प्रधानबाई खाली उतरल्या.

"अगं मेधा, रडतेस कशाला?"

मी घोगऱ्या आवाजात सगळं सांगितलं. आधी हळद, मग सोडा, मग रक्त. त्यावर लिंबू, फुत्कार, रक्त गायब. मग साबण, पुन्हा रक्त. इतकं क्रमवार, की बोर्डाच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळाले असते.

बाईंनी शांतपणे विचारलं, "हळदीवर सोडा पडला की काय होतं गं?"

"लाल होते," मी यंत्रासारखी म्हणाले.

"आणि लिंबू पिळलं की?"

"पुन्हा पिवळी..."

"आणि संगमरवरावर लिंबू?"

"फसफसतं... कार्बन डायऑक्साइड..." उरलासुरला आवाजही विझला. अंगात शिरलेल्या त्या कुणीतरी मला आता घेऊनच जावं, असं मनापासून वाटलं.

"उत्तरं सगळी बरोबर आहेत," बाई म्हणाल्या. "ये उद्या मुलाखतीला."

मी डोळे पुसले. बाई जिना चढू लागल्या, आणि मध्येच वळून म्हणाल्या,

"बरं, तुला शिवणकाम येतं का गं? तीही एक जागा रिकामी आहे."