दुखण्यापुढं व्हेरी लावू नये

इंग्रजीतल्या 'व्हेरी'ला अण्णांइतका घाबरणारा माणूस उभ्या बेंगळुरात झाला नसेल. नव्वदच्या दशकात यशवंतपूरच्या एका कारखान्यात ते पत्रव्यवहार बघत आणि मी, पुण्याहून नुकता आलेला, त्यांच्या हाताखाली होतो. अण्णा मूळचे निपाणीकडचे, बायको गावीच असायची. सगळा कारखाना त्यांच्या लाल पेन्सिलीला टरकून असे. मी तर जास्तच. गिऱ्हाइकाला 'वुई आर टू हॅपी' असं लिहिलं, तर अण्णा चष्म्यावरून बघत विचारायचे, सोसवेना इतका आनंद झालाय असं कळवायचंय का? एकदा मी 'व्हेरी इम्पॉसिबल' लिहून बसलो. त्यांनी मला उभं करून शांतपणे विचारलं, की मग थोडं इम्पॉसिबल किती दिवसांत करून देतोस? 'ॲब्सोल्यूटली' कुठं शोभतं, 'व्हेरी' कुठं, हे ते जेवणाच्या सुट्टीत भाकरी मोडता मोडता शिकवायचे आणि शेवटी, कोणी विचारलेलं नसताना, आवाज खाली आणून सांगायचे, "आणि दुखण्यापुढं व्हेरी कधी लावू नकोस. ते ऐकत असतंय." आम्ही हसायचो. ते हसत नसत.

बाकीच्यांना ही भीती नव्हती. रजेच्या अर्जात सगळ्यांच्या आया 'एक्स्ट्रीमली सीरियस' असायच्या, मग जायचं मेव्हणीच्या लग्नाला का असेना. कारण साहेब रोज वरचे चार-पाच अर्ज बघत आणि उरलेले उद्यावर टाकत. चळत मी लावायचो. शब्द जितका जड, तितका अर्ज वर.

एका सोमवारी अण्णांचा अर्ज आला. 'माय वाइफ इज इल. काइंडली ग्रँट लीव्ह.' 'इल'च्या आधी ब्लेडनं हलकेच खरवडलेली जागा होती. कागद उजेडासमोर धरला, तर 'व्हेरी' वाचता येत होतं. मला सगळं कळलं. उठून साहेबांच्या केबिनपर्यंत गेलोही. आत साहेब कोणावर तरी ओरडत होते, माझी नोकरी कच्ची होती. मी परत आलो आणि अर्ज शब्दांप्रमाणे जिथं बसत होता तिथं ठेवला, तळाशी.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "झाली का रे सही?" मी उद्या म्हणालो. दुसरा कोणी असता तर सहीविना गेला असता. अण्णा कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करत बसले. टोक तीनदा मोडलं.

सही मंगळवारी झाली. बुधवारी ते गावी उतरले, तोवर वहिनी नव्हत्या.

दिवसवार उरकून ते कामावर आले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तू बरोबर लावला होतास. अर्जात तसं काही नव्हतंच."

खरवडलेलं मी वाचलं होतं, हे सांगायला मी पुढं दरवर्षी हेब्बाळला त्यांच्या घरी जात राहिलो. आता तेही नाहीत, म्हणून लिहायचा धीर झाला. "स्वल्प बस रे," म्हणून ते स्वतः चहा टाकायचे, माझ्या आईची चौकशी करायचे. चहा संपायचा. ते जिन्यापर्यंत सोडायला यायचे, आणि खाली पोचून मी वर बघितलं की कठड्याला धरून अजून उभेच असायचे, मला काहीतरी बोलायचंय हे ठाऊक असल्यासारखे.