वेळेआधी सुटलेली बस

हिल्के टामेन दिवसभर नॉर्डेनच्या रस्त्यावर बस चालवायची, आणि घरी येऊन चहा झाला की पुन्हा बस चालवायला बसायची. पहिली बस खरी होती, दुसरी कॉम्प्युटरवरच्या खेळातली. ही गोष्ट तिने कधी लपवली नाही, हेच आमच्या गावाला जास्त खुपायचं. लपवली असती तर गावाने चार दिवस पाठीमागे हसून सोडून दिलं असतं. पण ही बाई बेकरीच्या रांगेत उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, "काल गिरणीचं वळण मी एकदाही ब्रेक न दाबता घेतलं!" पाव घ्यायला आलेली माणसं एकमेकांकडे बघून ओठ मुडपायची.

डेपोतला हाबो तर रोज तिची फिरकी घ्यायचा. "अगं, खाटीक घरी जाऊन हौसेने डुकरं कापतो का?"

"चांगला खाटीक असेल तर कापतही असेल," हिल्के म्हणायची. "तू नाही कापणार. तू पगार घेऊनसुद्धा गाडी नीट चालवत नाहीस."

खेळही असा, की ज्याचं कौतुक करायला माणूस जरा हट्टीच हवा. सुपरमार्केटच्या दाराशी स्वस्तातल्या मालाची टोपली असते ना, मोजे, मेणबत्त्या, गेल्या नाताळची चॉकलेटं, त्यात तो पडलेला होता. नवरा वारल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने तो उचलला, खोक्यावर बसचं चित्र होतं एवढ्याच कारणासाठी. प्रवाशांचे चेहरे मोजून चार. पाऊस कधीकधी बसच्या आत पडायचा. कुरणातल्या गायी जमिनीपासून वीतभर वर उभ्या. एका मासिकाने त्या खेळाची सालटी काढली होती आणि शेवटी विचारलं होतं, की हा खेळ नेमका बनवला तरी कुणासाठी? हिल्केने ते पान कापून कॉम्प्युटरच्या वर भिंतीला चिकटवलं आणि खाली जाड पेनाने लिहिलं, "माझ्यासाठी."

आणि ते खरंच होतं. त्या खेळात चर्चच्या थांब्यावर एका खुंटीला लहान मुलाचा एकच हातमोजा टांगलेला होता. त्याचा खेळाशी काही संबंध नव्हता. तो हातमोजा मिळवायचा नव्हता, त्याचे गुण मिळत नव्हते. पण खऱ्या बसमध्ये सापडलेले हातमोजे हिल्के आयुष्यभर असेच थांब्यांवर टांगत आली होती. तिने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती हमसून रडली. ज्या कुणी हे केलं त्याला बस म्हणजे काय ते कळलेलं आहे, आणि तो माणूस या जगात कुठेतरी आहे, एवढ्यावर तिने तो हिवाळा काढला.

हळूहळू तिला तिच्यासारखीच आणखी डझनभर वेडी माणसं भेटली. सगळी देशभर विखुरलेली, रोज त्या खेळात जमणारी. आपल्या लोकांचं कसं असतं, तिघे एकत्र आले की चौथी गोष्ट नियमावली. इथेही वेळापत्रक झालं, पाळ्या झाल्या, नियंत्रक नेमला गेला. नियंत्रक म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या ग्योर्लिट्झचा लोथार. पेशाने बेकरीवाला, भट्टीचं काम पहाटेच उरकलेलं, मग दुपारपासून बोलायचं-ऐकायचं यंत्र कानाला लावून सगळ्यांच्या बसवर नजर ठेवायचा. त्याच्याच हट्टाने प्रत्येकाने अडीअडचणीला कुणाला कळवायचं त्याचा फोन नंबरही देऊन ठेवला होता. खोट्या बसला अपघात झाला तर खऱ्या नातेवाइकांना कळवणार का, म्हणून तेव्हा सगळे त्याला हसले होते.

या मंडळींत उशीर माफ होता. वेळेआधी सुटणं मात्र माफ नव्हतं. हिल्केचं तर ते तत्त्वच होतं. "उशिरा आलेल्या बसला माणूस शिव्या घालतो आणि चढतो," ती म्हणायची. "लवकर गेलेली बस त्याला मिळतच नाही." खऱ्या नोकरीतही तिने हे कधी मोडलं नाही. आईच्या दफनाच्या दिवशी बदली ड्रायव्हर मिळाला नाही, तेव्हा सकाळची फेरी तिनेच केली. चर्चच्या थांब्यावर बस रिकामी, समोर दफनभूमीत सगळं गाव तिच्यासाठी ताटकळलेलं, आणि ही बाई घड्याळाकडे बघत वेळ व्हायची वाट पाहत बसली. तिची थोरली बहीण गेझिने त्या दिवशी जी चिडली, ती आतून कधी पुरती निवळलीच नाही.

गेझिने शेजारीच राहायची. दोन्ही बागांच्या मधे पाण्याचा चर, त्यावर फळी. रविवारचा चहा एकदा या घरी, एकदा त्या घरी, ही लहानपणापासूनची रीत. पण हिल्के निवृत्त झाली आणि खेळ दुपारभर चालू लागला, तसा गेझिनेचा तोल गेला. आपल्या नवऱ्याच्या सत्तराव्या वाढदिवसाला, भरल्या टेबलापाशी, केक कापता कापता ती म्हणाली, "आमच्या हिल्केला घरात माणसं नकोत हो. तिला चार चेहऱ्यांचे प्रवासी पुरतात. म्हातारपणी खेळण्यातली बस! आई असती तर लाजेने मेली असती."

सगळे हसले. हिल्केने चमचा कपात ठेवला, उठली आणि फळीवरून घरी आली. त्यानंतर रविवारचा चहा बंद झाला. उन्हाळा गेला, शरद गेला. दोघी बागेत एकमेकींना दिसायच्या आणि वाफ्यात मान घालायच्या. एकमेकींच्या घराची किल्ली मात्र दोघींच्या स्वयंपाकघरात खिळ्याला तशीच होती, काढायची म्हटलं तर त्यासाठी बोलावं लागलं असतं.

नोव्हेंबरातली एक दुपार. पुढचं हिल्केला आठवत नाही, ते गेझिनेच सांगते. आता तर ती कुणालाही सांगते, अगदी बेकरीच्या रांगेतसुद्धा.

ती पिठात हात घालून उभी होती आणि फोन वाजला.

"मोइन," गेझिने म्हणाली. आमच्याकडे नमस्कार असाच करतात.

"नमस्कार बाई. मी लोथार, ग्योर्लिट्झहून बोलतोय. हिल्केच्या बसचा नियंत्रक. तिची बस वेळेआधी सुटलीय."

"कुठली बस? ती खेळातली? अहो, तुम्ही मला त्यासाठी फोन केलात?"

"दोन मिनिटं आधी सुटली, चर्चच्या थांब्यावरून. मी हाका मारतोय, ती बोलत नाही."

"मग चहा करायला उठली असेल! तुम्हाला काही कामधंदा आहे की नाही?"

"बाई," लोथार म्हणाला, "मी तिला सहा वर्षं ओळखतो. हिल्के आधी निघत नाही."

गेझिने फोन ठेवणार होती. तेवढ्यात तिच्या डोळ्यासमोर दफनभूमी उभी राहिली, आणि पलीकडे रस्त्यावर थांबलेली रिकामी बस. आईसाठी जी निघाली नव्हती ती आज आधी निघाली? हिल्के? खिळ्यावरची किल्ली ओढून ती धावत सुटली. घरातल्या चपलांनी, पिठाच्या हातांनी, चिखलातून, फळीवरून. तिच्या गुडघ्यांची कुरकुर गावाला तोंडपाठ आहे, पण त्या दिवशी गुडघ्यांना बोलायला वेळच मिळाला नाही.

हिल्के खुर्चीत डावीकडे कलली होती. तोंड वाकडं, डावा हात लोंबकळलेला. पडद्यावर बस एका कुंपणाला टेकून घुरघुरत होती आणि कानावरून खाली पडलेल्या यंत्रातून लोथार ओरडत होता, "हिल्के! हिल्के, बोल!"

गेझिनेने ते यंत्र उचललं. त्यात कुठून बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती सगळीकडूनच ओरडली, "सापडली हो! मी आहे इथे! मी बहीण!"

रुग्णवाहिका वेळेत आली. डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका आहे, पण लवकर आणलंत, बाई बोलतील आणि चालतीलही. संध्याकाळपर्यंत तशाच पडून राहिल्या असत्या तर आम्हाला काही करता आलं नसतं.

हिल्केची जीभ वळायला आठवडा लागला. गेझिने रोज उशाशी बसायची. एक दिवस तिने मनात घोळत असलेला प्रश्न विचारलाच. "त्या पाववाल्याकडे माझा नंबर कसा गं? आपण तर बोलत नव्हतो. बदलला का नाहीस?"

हिल्केने बराच वेळ शब्दांची जुळवाजुळव केली. "दुसरी... बहीण... कुठून आणू?" ती म्हणाली.

गेझिने खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि परत आली तेव्हा नाक लाल होतं. माफी तिने मागितली नाही. आमच्याकडे ती तोंडाने मागायची पद्धत फारशी नाही. तिने लोथारने पाठवलेल्या केकचा जाड तुकडा कापला आणि बहिणीला घासाघासाने भरवला.

खरी बस चालवायचा परवाना हिल्केला परत मिळणार नाही, हे तिला कळून चुकलंय. त्याचं तिला वाईट वाटतं, आणि ती तसं सांगते. पण त्या वेड्या मंडळींनी तिच्यासाठी खेळाची सगळी बटणं उजव्या हाताखाली आणून दिली, आणि मार्चमधल्या एका रविवारी ती पुन्हा खुर्चीत बसली. भिंतीवरचं ते पान जागच्या जागी होतं. गेझिने चहाचा सरंजाम घेऊन फळीवरून आली. कपात खडीसाखर, वर चहा, त्यावर साय, आणि ती ढवळायची नाही. तीन कप प्यायचे, मग चमचा कपात ठेवला की पुरे झालं असं समजायचं. गेझिनेचा चमचा तिसऱ्या कपाला कपात पडतो म्हणजे पडतोच, घरी भांडी वाट पाहत असतात.

"मी तुझा खेळ बघायला आले नाहीये," ती म्हणाली. "तुला एकटीला सोडायचं नाही म्हणून बसलेय."

"बैस की."

लोथारचा आवाज आला, "हिल्के, स्वागत. चर्चच्या थांब्यावर सूचनेची वाट पाहा." बस थांब्यावर उभी राहिली. खुंटीवरचा हातमोजा होता तिथेच होता. हिल्केला खोडी सुचली. वेळ व्हायला अवकाश होता, तरी तिने हळूच बस पुढे सरकवली.

शेजारी कप आदळला. गेझिने उभी राहिली होती. चेहरा पांढराफटक, आणि एका हाताने ती हिल्केचं मनगट घट्ट धरून दुसऱ्या हाताने एप्रनच्या खिशातला फोन शोधत होती. "हिल्के, माझ्याकडे बघ! हात वर कर! बोल काहीतरी!"

"अगं, गंमत केली मी," हिल्के घाबरून म्हणाली. "गेझिने, गंमत गं. हे बघ, केला हात वर."

गेझिनेने तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मग ती खाली बसली आणि रडली, आणि हिल्केही रडली. आपण असं कुणाच्या काळजाशी खेळलो याची तिला लाज वाटली, आणि आपल्यासाठी इतकं घाबरणारं माणूस आहे याने ती भरून पावली. त्या बेकरीवाल्यासाठी, हातमोजा टांगणाऱ्या त्या अनोळखी माणसासाठी आणि या चिडक्या बहिणीसाठी तिने मनातल्या मनात देवाचे आभार मानले. देवाशी तिचं एरवी फारसं बोलणं नसतं.

"मागे घे ती," गेझिने डोळे पुसत म्हणाली. "थांब्यावर परत आण. अजून वेळ झालेली नाही."

"पण थांब्यावर कुणीच नाहीये गं."

"येईल कुणीतरी धावत."

हिल्केने बस मागे घेतली. दोघी थांब्यावरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. गेझिनेने सांडलेला चहा पुसला, तिसरा कप भरला, पिऊन संपवला आणि चमचा बशीतच राहू दिला. हिल्केने ते पाहिलं आणि तिचा चौथा कप भरला.