सुकलेल्या फांदीवरचे बिऱ्हाड

पक्षी मोजायला निघालेल्या माणसाच्या पदरी पक्ष्यांपेक्षा किस्सेच अधिक पडतात. लालबाग-परळमधील आम्ही मोजकी मंडळी दर रविवारी सकाळी पक्ष्यांच्या नोंदी करतो आणि त्या एका अ‍ॅपवर चढवतो. अभ्यासकांना त्या उपयोगी पडतात, असे सांगतात. आम्हांला मात्र त्यानंतरच्या चहाला किस्सेच पुरतात!

*

या गटात मी शिरलो तो भांडायला. माझे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे सारे मी वाचनालयाच्या बाकावर बसून मिळवले. त्यामुळे चाळीच्या फलकावर लागलेल्या यांच्या पत्रकात तीन निराळ्या पक्ष्यांना सरसकट 'बगळा' म्हटलेले पाहून मला राहवले नाही. गट चालवणाऱ्या केतकीला मी फोनवरून सविस्तर समज दिली.

तिने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "काका, रविवारी शिवडीला या. दुर्बीण मी आणते."

तक्रार करणाऱ्यालाच कामाला जुंपायचे, हा यांचा रिवाज आहे हे मला फार उशिरा कळले!

*

माझी पहिली नोंद धीवराची, म्हणजे खंड्या पक्ष्याची. चोचीचा रंग, छातीवरचा पांढरा पट्टा, पंखांची निळाई. वर्णनात एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. अ‍ॅपवर कोणा अनोळखी तज्ज्ञाने विचारले, "फोटो?"

मी संतापून केतकीला म्हणालो, "पूर्वी माणसे डोळ्यांवर विश्वास ठेवीत!"

"ठेवत असतील, काका. पण तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय ना?"

*

आमचे तावडे निवृत्त टंकलेखक. शिवडीच्या चिखलात उतरलेले रोहित पक्षी ते मोठ्या एकाग्रतेने मोजत होते. मोजणी सत्तरच्या पुढे गेली असेल, तोच घरून फोन आला.

"गो, येतंय! वीस मिन्टां!" असे सांगून त्यांनी फोन खिशात टाकला, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि पुढे सुरू केले, "एकवीस, बावीस, तेवीस..."

*

यंदा मात्र प्रकरण आमच्याच अंगणात आले. चाळीच्या गुलमोहराची एक फांदी सुकली होती आणि तिच्यातल्या ढोलीत तांबट पक्ष्यांच्या जोडीने पिल्ले काढली होती. पावसाळ्यापूर्वी ती फांदी उतरवायला सेक्रेटरी सावंतांनी माणूस सांगून ठेवला होता. फांदी उतरली असती, तर पिल्ले संपलीच.

आम्ही सारे सावंतांकडे गेलो.

"आणि फांदी कुणाच्या टाळक्यात पडली तर?" सावंत कडाडले. "तांबट येणार काय हॉस्पिटलात डबा घेऊन?"

"तुमचं बरोबर आहे, काका," केतकी म्हणाली. "आपण खाली दोरी बांधून जाणं-येणं बंद करू. आणि दोरीच्या आत कुणी शिरू नये म्हणून रोज सकाळी तुम्हीच बसा. बसल्या बसल्या, घास घेऊन कोण कधी येतं तेवढं बघा."

"बसतो. पण माणूस आला की फांदी उतरणार. सांगून ठेवतो!"

*

चौथ्या दिवशी सावंत स्वतः माझ्या दारात. "आज नवरा उशिरा आला हो. बाई नुसती आत-बाहेर करत होती."

मी त्यांना समजावले, "तांबटाचे नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. नवरा कोणता, हे आपल्याला सांगता यायचे नाही."

"त्यात काय सांगायचं? उशिरा येतो तो नवरा!"

आतून आमच्या सौभाग्यवतींनी मोठ्याने अनुमोदन दिले.

*

अखेर फांदी उतरवणारा आला. खांद्यावर दोरखंड, हातात करवत. बातमी कळताच मी चपला न घालता जिना उतरलो. तावडे माझ्या मागे होते. खाली सावंत खुर्चीवर बसलेले.

"सावंतशेठ, चढू ना?" त्याने खणखणीत आवाजात विचारले.

सावंतांनी ओठांवर बोट ठेवले. "हळू बोल रे! बाळंतीण आहे."

त्याने चाळीच्या एकेका दारावरून नजर फिरवली आणि आवाज उतरवून विचारले, "कुणाकडे?"

सावंतांनी वर बोट दाखवले.

त्याने मान वर करून बराच वेळ पाहिले. वरून बारीक चिवचिव ऐकू येत होती. मग करवतीला फडके गुंडाळत तो हलकेच म्हणाला, "बारसं झालं की फोन करा."